ढग गडगडला की खुरपं खाली



या पानावर आपण आळीपाळीने एकेक विषय शिकतो. व्याजाचा हिशोब झाला, हिमोग्लोबिन झालं, फोनवरून पैसे पाठवताना घ्यायची काळजी झाली. या वेळी विषय आहे वीज. मीटरवाली नाही, आभाळातली. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्ये मध्ये थांबवून बोलावं. शेवटी एका ठरावाचा नमुना दिला आहे, त्यामुळे इतिवृत्ताचं रजिस्टर जवळ असू द्या.

विषय कसा सुचला ते आधी सांगते. मे महिन्यात पुरंदरकडच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, चहा झाला आणि एक मावशी सहज बोलून गेल्या, "परवा वाचलो गं पोरी आम्ही."

कांदा काढणी चालू होती. अकराजणी एका वावरात. दुपारी तीनच्या सुमाराला डोंगराकडून आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं. कांदा भिजला तर मालकाचं वर्ष वाया, म्हणून मालक म्हणाला, "एवढे दोन वाफे उरका, मग निघा." बायकांनी हात चालवला. थेंब पडायला लागले तशा सगळ्या पळाल्या बांधावरच्या चिंचेखाली. जेवणाच्या पिशव्या, पाण्याची कळशी, सगळं तिथेच होतं. पाच मिनिटं झाली असतील नसतील, शेजारच्या वावरातल्या लिंबावर वीज पडली. झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. खाली बांधलेली म्हैस जागेवर गेली. बायका वाचल्या, कारण वीज त्या झाडावर पडली, यांच्या चिंचेवर पडली नाही. दुसरं काही कारण नाही.

मग बोलता बोलता एक ताई म्हणाल्या, "माझ्या फोनवर आलं होतं की वीज जवळ आलीय म्हणून. पोरानं ते घालून दिलंय. पण फोन पिशवीत आणि पिशवी चिंचेला."

तो संदेश किती वाजता आला होता ते आम्ही फोनमध्ये पाहिलं. वीज पडायच्या वीसएक मिनिटं आधी. त्या वावरापासून शाळेची पक्की इमारत सात-आठ मिनिटांच्या चालीवर आहे. परत येताना एसटीत मी तोच हिशोब पुन्हा पुन्हा करत होते.

म्हणजे प्रश्न दोन. त्या फोनला आधी कसं कळलं? आणि फोनला कळलं तरी आपल्याला का नाही कळलं? पहिल्याचं उत्तर पुण्यात, पाषाणला आहे. दुसऱ्याचं आपल्याकडेच आहे आणि ते जास्त अवघड आहे.

फोनला कसं कळलं?

पुण्यात हवामानाचा अभ्यास करणारी दोन मोठी ठिकाणं आहेत. एक शिवाजीनगरची वेधशाळा. हवामान खात्याचं हे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात. ससूनला किंवा कोर्टाच्या कामाला गेलेल्या बऱ्याच जणींनी बसमध्ये 'सिमला ऑफिस' अशी हाक ऐकली असेल. दुसरं ठिकाण पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. इंग्रजी अक्षरांवरून तिला आयआयटीएम म्हणतात. ती १९६२ साली सुरू झाली. मी कोथरूडला शिकत होते तेव्हा पाषाणच्या बसने कितीदा तरी तिच्यावरून गेले असेन. आत काय चालतं ते विचारायचं कधी सुचलं नाही.

विजेची सूचना देणारं 'दामिनी' हे ॲप याच संस्थेने तयार केलं आहे.

त्यामागची युक्ती आपल्याला नवी नाही. घरात जुना रेडिओ असलेल्यांना आठवेल, आकाशवाणी लावलेली असायची आणि लांब कुठे वीज चमकली की रेडिओत 'खर्रर्र' व्हायचं. आवाज ढगांचा नव्हता. वीज चमकते तेव्हा उजेड आणि आवाजाबरोबर रेडिओच्या लहरीही सुटतात, त्या रेडिओ पकडायचा. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी हीच खरखर पकडणारी यंत्रं जागोजागी बसवली. त्यांना सेन्सर म्हणतात. देशभरात असे ८० हून जास्त सेन्सर आहेत.

आता एका सेन्सरला एवढंच कळतं की कुठे तरी वीज चमकली. कुठे, ते कसं कळणार? समजा, रात्री गावात कुणाच्या तरी घरी हंडा पडला. तुमच्याकडे आवाज आधी आला, वरच्या आळीला थोडा उशिरा, वस्तीवर आणखी उशिरा. प्रत्येकीने आपापली अचूक वेळ सांगितली, तर कागदावर गाव काढून हंडा कुठे पडला ते शोधता येईल. सेन्सर तेच करतात. रेडिओची लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर पळते, त्यामुळे त्यांची घड्याळं सेकंदाचे लाखो तुकडे मोजतील इतकी बारीक लागतात आणि ती उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असतात. एकाच विजेची वेळ चार-पाच सेन्सरकडून आली की संगणक तिची जागा काढतो.

ॲप तुमच्या फोनची जागा पाहून तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ दाखवतं. २० किलोमीटर म्हणजे सासवड ते जेजुरीपेक्षा थोडं जास्त. त्या वर्तुळात गेल्या काही मिनिटांत कुठे वीज पडली ते ठिपक्यांनी दिसतं आणि ठिपक्याच्या रंगावरून किती मिनिटांपूर्वी पडली ते कळतं. रंगांचा अर्थ तिथेच लिहिलेला असतो. वीज तुमच्याजवळ असेल तर सूचना येते. विजेचा ढग वाऱ्यासोबत ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकत असेल, तर वीस किलोमीटरवरून आपल्या डोक्यावर यायला त्याला अर्धा तास लागतो. मावशींच्या वावरातली ती वीस मिनिटं अशी आली होती.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. ढग नेहमी लांबूनच चालत येतो असं नाही. कधी तो आपल्याच डोक्यावर तयार होतो आणि पहिली वीज आपल्याच शिवारात पडते. कधी रेंज नसते, कधी रिचार्ज संपलेला असतो. म्हणून फोन गप्प आहे म्हणजे धोका नाही, असं कधीच धरू नका. डोळे आणि कान पहिले, फोन त्यांच्या मदतीला. गडगडाट साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो. तो ऐकू आला याचा अर्थ पुढची वीज आपल्यावर पडू शकेल इतका ढग जवळ आहे. तेव्हा पाऊस सुरू झालेला नसला तरी निघायचं. थेंबांची वाट बघायची नाही.

अंतर मोजायची एक सोपी रीत आहे. आवाज तीन सेकंदात साधारण एक किलोमीटर जातो. चमक दिसली की 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' असं सावकाश मोजा. गडगडाट व्हायच्या आत तीस झाले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर पुढची ३० मिनिटं वावरात परतायचं नाही. बऱ्याच बायका ऊन पडलं म्हणून लगेच जातात. ढग पुढे सरकल्यावरही त्याच्या शेपटीतली वीज मागे पडते.

झाडाखाली का नाही?

ढगात वर बर्फाचे बारीक कण असतात, गारा असतात. वाऱ्याने ते एकमेकांवर घासतात. थंडीत पॉलिस्टरची साडी अंगावरून काढताना चटचट होतं ना, तसंच, पण कोट्यवधी पटीने. ढगाच्या खालच्या भागात एका जातीचा भार साठतो, खाली जमिनीत उलट्या जातीचा. मधली हवा तो थोपवून धरते. ती कमी पडली की वीज वाट काढते. त्या वाटेतली हवा क्षणात ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. एवढी तापलेली हवा फुटल्यासारखी पसरते, तोच गडगडाट.

खाली येताना वीज शक्यतो उंच आणि एकट्या उभ्या असलेल्या गोष्टीला धरते. झाड, खांब, टॉवर, आणि मोकळ्या वावरात आपण. झाडाला लागली की आतला ओलावा उकळून त्याची वाफ होते, म्हणून साल फुटून निघते. पण ती झाडातच राहत नाही. लाकडापेक्षा माणसाच्या अंगातून जाणं तिला सोपं असतं, म्हणून ती खोडावरून शेजारी उभ्या असलेल्या बाईवर उडी मारते. राहिलेली जमिनीत शिरून चारी बाजूंना पसरते.

ती म्हैस जमिनीतून गेलेल्या विजेने मेली असणार. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात. वीज जमिनीतून पसरताना पुढच्या पायाखाली जोर जास्त, मागच्या पायाखाली कमी, मग ती एका पायातून वर चढून काळजातून दुसऱ्या पायाने उतरते. आपलंही तसंच. पाय फाकवून उभं राहिलं, आडवं पडलं, हाताने बांधाचा आधार घेतला, तर तिला वाट मिळते. म्हणून दोन्ही पाय जुळवलेले पाहिजेत. आणि म्हणूनच शेळ्या, म्हशी झाडाला बांधू नयेत.

बैठकीत या विषयावर बोलायला लागलं की समजुती निघतातच. त्यांच्यावर हसू नये असं मला वाटतं, कारण जीव वाचवायचा म्हणूनच कुणी तरी त्या धरल्या. पण काही समजुती उलट जीव घेतात.

सगळ्यात जास्त ऐकू येते ती पायाळूची. पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते म्हणतात. त्या गटातही एक ताई पायाळू आहेत. ढग आले की त्यांना लहानपणापासून घरात कोंडून ठेवायचे. त्या हसून म्हणाल्या, "म्हणून तर मी जिवंत आहे." बरोबर आहे, घरात होत्या म्हणून! ताईंना या समजुतीने त्रास झाला असेल, पण धोका उरलेल्या दहाजणींना आहे. आपल्यात कुणी पायाळू नाही म्हणून त्या निवांत चिंचेखाली बसतात.

मोबाईलमुळे वीज अंगावर येते, असंही घट्ट बसलं आहे. म्हणून आभाळ आलं की बायका आधी फोन बंद करतात, आणि सूचना येते नेमकी तेव्हाच. हातातला मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र धोक्याचा, कारण घराच्या तारांमधून वीज आत येऊ शकते. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी यांनीही वीज ओढली जात नाही. खांद्यावर घेतलेलं फावडं किंवा पहार मात्र खाली ठेवा, त्याने आपली उंची वाढते. रबरी चपलांचा भरवसा नको. दोन-तीन किलोमीटर हवा फोडून आलेली वीज बोटभर रबराला काय जुमानणार? आणि एका जागी वीज दोनदा पडत नाही, हेही खरं नाही. उंच इमारतींवर ती एकाच पावसाळ्यात अनेकदा पडते.

कळूनही का नाही कळलं?

त्या बैठकीत मी हात वर करायला सांगितले. घरात स्मार्टफोन आहे? बहुतेक सगळ्यांचे हात वर. स्वतःचा आहे? तीन-चार हात. कामावर असताना अंगावर असतो? एकही नाही. चिखलाने खराब होईल, पडेल, मालक म्हणेल फोनवर बोलत बसतात, अशी कारणं. सगळी खरी. पण त्यामुळे होतं असं की पाषाणच्या शास्त्रज्ञांनी सगळं करून पाठवलेला निरोप पिशवीत वाजतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. दिवसाला जवळपास आठ. यातली बरीचशी शेतात काम करणारी, गुरं राखणारी माणसं. शहरात माणसाच्या डोक्यावर स्लॅब असतो. वीज पडते तेव्हा आभाळाखाली कोण असतं, हा साधा हिशोब आहे.

आपल्याकडे कधी सावध राहायचं तेही बघा. घाटाखालच्या आणि मावळातल्या गटांना वाटतं की पाऊस जोराचा तेव्हा वीज जास्त. तसं नसतं. जुलैमध्ये भातलावणीला संततधार असते, तेव्हा विजा तुलनेने कमी. जास्त विजा वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला. नंतर परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे पूर्वेकडे कांदा काढणी आणि पेरणीची घाई, पश्चिमेकडे भातकापणी. आणि वेळ बहुतेक दुपारी तीन ते संध्याकाळी सात, दिवसभर जमीन तापल्यानंतरची. नेमकी काम उरकायची वेळ.

आता काय करता येईल? स्मार्टफोन प्रत्येकीकडे हवाच असं नाही. कामाला जाणाऱ्या टोळीत एक पुरे. तो कुणाकडे राहील ते सकाळी निघतानाच ठरवायचं. आवाज पूर्ण मोठा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला. मुलाकडून किंवा आपल्या सीआरपी ताईंकडून दामिनी घालून घ्या. घालताना ते पाषाणच्या आयआयटीएमचंच आहे ना, ते नाव पाहा. फोनचं लोकेशन चालू ठेवायला सांगा, नाहीतर ॲपला तुम्ही कुठे आहात ते कळणार नाही. ॲप फुकट आहे. पैसे किंवा बँकेची माहिती मागितली तर ते ॲप खोटं समजा आणि काढून टाका.

बटणाचा फोन असेल तरी निराश होऊ नका. आपत्ती व्यवस्थापनाकडून वीज आणि वादळाचे संदेश साध्या एसएमएसने, मराठीतही येतात. कंपनीची जाहिरात समजून आपण ते न वाचता पुसतो. २० जुलै २०२३ ला सकाळी राज्यात अनेकांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते, आठवतं? किती जणी घाबरल्या होत्या. ती याच कामाची चाचणी होती, मोठी आपत्ती आली तर सगळ्यांना एकदम जागं करता यावं म्हणून.

फोनचं झालं. खरा पेच मालकाशी आहे. त्या दिवशी मावशींना गडगडाट ऐकू आलाच होता. फोन हातात असता तरी त्या निघाल्या असत्या का? मी विचारलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "आर्ध्यात सोडून गेलो तर आर्धी हजेरी. आन् उद्या बोलावणार पण नाही."

मला यात मालकाला राक्षस ठरवायचं नाही. त्याचा कांदा उघड्यावर होता, त्याच्यावरही सोसायटीचं कर्ज असेल. आणि आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतःच्या शेतात मजूर बायका लावतात. आभाळ आल्यावर आपणही म्हटलंच असेल, "एवढी पात उरका गं." म्हणून हे बोलणं पाऊस डोक्यावर आल्यावर होत नाही, तेव्हा सगळ्यांनाच घाई असते. ते कामाचा उक्ता किंवा हजेरी ठरवतानाच व्हायला हवं. गडगडाट झाला की काम थांबेल, अर्ध्या तासाची मजुरी कापायची नाही, राहिलेलं काम नंतर भरून देऊ. एकटी बाई हे बोलू शकणार नाही. पण गावातल्या पाच गटांनी एकच गोष्ट धरली तर मालकाला दुसऱ्या टोळीकडे जाऊन उपयोग नाही, तिथेही हेच ऐकावं लागेल. दारूच्या दुकानाबाबत, रेशनबाबत आपण हे केलेलं आहे. जिथे सावडीने काम चालतं तिथे तर मालक-मजूर आपणच, तिथून सुरुवात करा.

निघायचं, पण कुठे?

चारी बाजूंनी भिंती असलेलं पक्कं घर, शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर. किंवा वरून-बाजूने पत्रा असलेलं बंद वाहन: जीप, कार, एसटी. काचा बंद करून आत बसायचं, बाजूच्या पत्र्याला टेकायचं नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल, उघडी ट्रॉली चालणार नाही. शेतातली खोप, उघडी पत्र्याची शेड, मांडव, देवळाचा मोकळा सभामंडप यांनी पाऊस अडतो, वीज अडत नाही. घरात असाल तर तेवढा वेळ नळावर भांडी, कपडे नको. टीव्ही, मोटरचा स्टार्टर यांना हात नको. दारात, ओट्यावर बसून पाऊस बघणं नको.

कामाला गेल्यावर पहिल्याच दिवशी जवळचं पक्कं ठिकाण कुठलं आणि तिथे जायला किती मिनिटं लागतात ते बघून ठेवा. वीस मिनिटांचं ठिकाण असेल तर गडगडाटाचीही वाट बघू नका, आभाळ काळं झालं की निघा.

आणि काहीच जवळ नसेल तर? मग शेवटचा उपाय, आणि तो शेवटचाच आहे. पाण्यातून, विहिरीच्या काठावरून, तारेच्या कुंपणापासून, झाड-खांबापासून लांब व्हा. उंचवटा सोडून सखल जागी या. दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसा, मान खाली, कानांवर हात. आडवं पडू नका, हात टेकू नका. आणि घोळक्याने बसू नका. भीती वाटली की आपण एकमेकींना बिलगतो. इथे पंधरा-वीस पावलं अंतर ठेवा, म्हणजे काही झालंच तर मदत करायला कुणी तरी धड राहील.

कुणाला लागलीच तर

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो, असं वाटून लोक लांब उभे राहतात. झटका बसत नाही. वीज निघून गेलेली असते. तारेचा शॉक वेगळा, तिथे आधी वीज बंद करायची. इथे लगेच हात लावा. शेणात, मातीत पुरत बसू नका. त्यात जाणारी मिनिटंच जीव वाचवण्याची असतात.

चार-पाच जणी पडल्या असतील तर जी ओरडते, रडते आहे तिचा श्वास चालू आहे. आधी तिच्याकडे जा जी गप्प पडली आहे. वीज काळजाची धडधड आणि श्वास थांबवते, पण शरीर शाबूत असू शकतं, त्यामुळे मेलेली वाटणारी बाई परत येऊ शकते. श्वास नसेल तर एकीने १०८ ला फोन लावायचा. दुसरीने तिला सपाट जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवायचे, कोपरं सरळ ठेवून दोन इंच खोल दाबायचं, सोडायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमल्यावर दुसरीने घ्यायचं, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून जमत नाही, हाताला सवय लागते. आरोग्य सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला गटाच्या नावाने अर्ज द्या आणि एकदा बैठकीत शिकून घ्या.

वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला शासनाकडून ४ लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. दुःखात घाईने अंत्यविधी उरकला तर पुढे कागद उरत नाही. जनावर गेलं तरी तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या.

जाता जाता एक. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. तेव्हा पुण्यातल्या आणि जवळपासच्या बऱ्याच विज्ञानसंस्था लोकांना आत येऊन बघू देतात. जुन्नर-नारायणगावकडच्या बायकांना खोडदच्या दुर्बिणीचं प्रदर्शन माहीत असेलच. आपल्या सहलीच्या यादीत आळंदी-देहू असतंच. एखाद्या वर्षी मुलींना घेऊन हेही बघायला हरकत नाही.

आता रजिस्टर उघडा. हा नमुना आहे, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

*ठराव: आज रोजीच्या मासिक बैठकीत सर्वानुमते ठरविण्यात येते की, (१) एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात शेतकामाला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत एका सदस्येने सूचना येणारा फोन अंगावर बाळगावा. फोनचा रिचार्ज टोळीने वाटून करावा. (२) गडगडाट ऐकू आल्यास किंवा सूचना आल्यास काम तात्काळ थांबवून ठरलेल्या पक्क्या ठिकाणी जावे व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी परतावे. (३) या वेळेची मजुरी कापली जाणार नाही, हे काम ठरवतानाच बोलून घ्यावे. गटातील सदस्या स्वतः मजूर लावत असल्यास तिलाही हा नियम लागू राहील. (४) शाळा व समाजमंदिरावर वीज अटकाव यंत्र बसविणेबाबत आणि शाळा सुटल्यानंतरही पावसात एक खोली उघडी ठेवणेबाबत ग्रामसभेत अर्ज द्यावा. (५) गावातील इतर गटांना हा ठराव ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवावा.*

*सूचक: ............ अनुमोदक: ............*